हलकं गुलाबपाणी, भारी गुलाबपाणी

कुमची सोहन-वडी दातांनी फोडायची नसते. जिभेवर ठेवून वाट बघायची असते. एवढा धीर फख्री खानुमच्या घराण्यात कुणालाच नाही. दर नवरोजला एखाद्याची दाढ जाते.

*

धाकट्याने आधी यायचं. वर्षाच्या पहिल्या दिवशी धाकटा थोरल्याच्या दारी, मग थोरला धाकट्याच्या. उलटं होत नाही.

*

याझ्दच्या जुन्या वस्तीत एका फोटोवाल्याकडे मिशा भाड्याने मिळतात. टोपीसकट.

*

गुलाबपाणी दोन जातींचं. एकदा उकळून उतरवलेलं ते हलकं. ते माणसांवर शिंपडतात. त्याच पाण्यात नवी फुलं टाकून पुन्हा उतरवलेलं ते भारी. ते हलव्यात जातं.

*

मुसाफिराला वाटेत मरणाची बातमी देत नाहीत. चाक फिरतंय तोवर घरचे सगळे जिवंत.

*

नवं वर्ष लागलं त्या क्षणी गाडी कुमच्या अलीकडे पेट्रोलच्या रांगेत होती. सून अक्रमने बॉनेटवर फडकं पसरून नवरोजच्या सात वस्तू मांडल्या. मागच्याने हॉर्न दिला. व्हिनेगर सांडलं.

*

"भात कच्चा राहिलाय."

*

हे शेवटचं वाक्य इस्फंदियारचं. नऊ वर्षांपूर्वी, मेहुणा वारल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवशी, तीनशे माणसं जेवायला बसलेली असताना तो ते बोलला. भातासाठी नावाजलेल्या रश्तच्या बाईला तिच्याच नवऱ्याच्या चाळिसाव्याला भात कच्चा म्हणायचं, तेही सख्ख्या धाकट्या भावाने, आणि तेही ओरडून, कारण उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे आणि आपण किती मोठ्याने बोलतो याचा त्याला पत्ता नसे. फख्रीने हातातला झारा खाली ठेवला. "मग उद्यापासून शिजलेला भात मिळेल तिथे जेवत जा," म्हणाली. तो उठला, दारात बूट घातले, निघून गेला. एकाच गावात, वीस मिनिटांच्या अंतरावर राहून दोघांनी नऊ नवरोज एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तो धाकटा, त्याने यायला हवं होतं. ती थोरली, तिला जाता येत नव्हतं.

आणि या वर्षी, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, छातीत दोन स्टेंट घेऊन फख्री खानुमने जाहीर केलं की तिला देश बघायचाय. तोही नवरोज लागायच्या आधी निघून.

"देश?" तिचा मुलगा कियूमर्स म्हणाला. "मादर, तुला तासाभरावरच्या लाहीजानपर्यंत गाडी लागते!"

"लिंबू घेईन हुंगायला."

खरं काय ते तिने सुनेला सांगितलं. अक्रम बॅग भरत होती, सासू पलंगावर बसून अंगावर घ्यायच्या चादरीची घडी उगाच मोडत होती, पुन्हा घालत होती.

"घरी राहिले तर पहिल्या दिवशी सगळा गोतावळा येणार, आणि मी दाराकडे बघत बसणार. दहावं वर्ष आहे, अक्रम. मला नाही बसायचं."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर मी मुसाफिर. मुसाफिर घरोघर सोगात वाटतो, प्रवासातून आणलेली भेट. आहे की नाही? त्यात थोरलं-धाकटं कुणी बघत नाही. आणि सोगात घेऊन आलेल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही." तिने घडी घातली. "तेराशे किलोमीटर जाऊन आलेल्याला तर नाहीच."

वीस मिनिटांचा रस्ता पार करायला ती तेराशे किलोमीटर जायला निघाली होती. अक्रमने मोज्यांची जोडी बॅगेत कोंबली. सव्वीस वर्षं या घरात काढून ती एवढं शिकली होती, की इथल्या माणसांना सरळ रस्ता दाखवला की ती रागावतात.

*

मग त्या एका माणसासाठी सोगात शोधणं सुरू झालं. बाकी अकरा घरांचं काम कियूमर्सने कुममध्येच सोहनचे अकरा डबे घेऊन उरकलं. घुमट, पूल, राजवाडे हे सगळं जाता जाता. फख्री खानुम मान वर करून घुमट बघायची, "छान आहे, पुसत कसे असतील?" म्हणायची, आणि नजर खाली दुकानांकडे.

इस्फहानच्या मोठ्या चौकात तिने गझचा डबा उचलला. गझ म्हणजे पिस्ते घातलेली चिवट पांढरी मिठाई.

"दायीला गझ नको, मादर," तिची मुलगी महरुख मामाबद्दल बोलून गेली. "टाळूला चिकटतं, मग कवळी..."

ती थांबली. कियूमर्सला समोरच्या घुमटाच्या निळ्या रंगात एकाएकी फार रस वाटू लागला.

"कवळी?" फख्री म्हणाली.

"म्हणजे, असेल ना आता. वय झालं दायीचं."

"वरची की खालची?"

महरुख सेहेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी, चाळीस पोरांना डोळ्याने गप्प करणारी बाई. "दोन्ही," ती पुटपुटली.

"कधीपासून जातेस त्याच्याकडे?"

"महिन्यातून एकदा. शाळेतून येताना. मादर, मी..."

अक्रम वादळाची वाट बघत उभी राहिली. फख्री खानुमने डबा जागच्या जागी ठेवला. "मग चावायचं काही नको," एवढंच म्हणाली आणि चालू लागली. दहा पावलांवर, मागे न बघता, तिने विचारलं, "अजून ओरडतो का?"

"आता डाव्या कानानेही कमी ऐकू येतं."

"म्हणजे दुप्पट ओरडत असेल."

तिचे खांदे हलले. हसली की काय, हे मागून कळलं नाही.

याझ्दला शाल पसंत पडली नाही ("मी काय नवरी आहे का, म्हणेल"). किरमानला तांब्याचं भांडं नको ("कल्हईवरून भांडेल"). शेवटी सहाव्या दिवशी संध्याकाळी किरमानच्याच बाजारात, पिंपातून पुड्या भरून देणाऱ्या एका दुकानात तिने चिमूटभर पीठ जिभेवर टाकलं आणि तिथेच थांबली.

कव्वतू. बिया, बडीशेप, कॉफी, पिस्ते असले कितीतरी जिन्नस भाजून दळलेलं, साखर घातलेलं, सातूच्या पिठासारखं. कोरडंच तोंडात टाकायचं. दात लागत नाहीत.

"तेच," ती म्हणाली. "बाबा ट्रकवर होते. किरमानची खेप झाली की आणायचे. हे तोंडात असताना हसायचं नसतं, नाहीतर समोरच्याचं तोंड पांढरं. मी इस्फंदियारला मुद्दाम हसवायचे. मग मार मलाच."

पत्र्याचा डबा भरून घेतला. डिकीत ठेवू दिला नाही. खोलीवर परतताना गाडीत मांडीवर धरून बसली, आणि वाटेत दोनदा म्हणाली, "आता जाऊ या घरी."

*

सकाळी साडेसहाला फोन आला. इस्फंदियारचा मुलगा बहादुर. पहाटे बाबा नमाजासाठी हातपाय धुवायला उठले, नळापाशीच बसले, उठले नाहीत.

भाड्याच्या खोल्यांच्या अंगणात, गाडीच्या आडोशाला, तिघं उभी राहिली.

"माती उद्या अकराला," कियूमर्स हळू आवाजात म्हणाला. त्याच्या एकाच पायात चप्पल होती. "बहादुर विचारतोय, आपल्या अम्मेची, मादरची वाट बघू का."

"म्हणजे काय! बघ म्हण!" महरुखने तोंडावर हात दाबून धरला होता, त्यातूनच बोलत होती. "आत्ता निघालो तर मध्यरात्रीपर्यंत रश्त. तिला तोंड तरी दिसेल."

"सोळा तास. नवरोजची गर्दी. गाडीत ही बातमी आणि तिच्या छातीत त्या दोन नळ्या. वाळवंटात काही झालं तर? दोन कबरी खणायच्या?"

"तोंड सांभाळ, कियू."

"विमान बघितलं मी. एक जागा नाही. आणि मुसाफिराला वाटेत सांगत नाहीत, महरुख. ही रीत मी नाही काढलेली."

"ती नऊ वर्षं... तुला कळतंय का ती कशासाठी आलीय इथे?"

"कळतंय म्हणूनच!"

आणि मग दोघांनी अक्रमकडे पाहिलं. बहीण-भाऊ भांडायचे तेव्हा सून भांडी घासायला जायची, हा या घरचा शिरस्ता. आज पहिल्यांदाच दोघं तिच्याकडे बघत होती, एकदम, जणू तराजू तिच्या हातात होता.

खिडकीतून आतलं दिसत होतं. सासू चहाच्या पेल्याशी एकटीच बसून डब्याला दोरी बांधत होती. गाठ बांधायची, नीट नाही म्हणून सोडायची, पुन्हा बांधायची. ओठ हलत होते. उंबऱ्यावर उभं राहून काय बोलायचं त्याची तालीम चालली असावी.

नळ्यांचं कारण अक्रमला पटलं होतं, पण तिने ठरवलं ते त्यावरून नाही. तो चेहरा बदलताना आपल्याला बघवणार नाही, एवढंच तिला कळलं.

"नको सांगायला," ती म्हणाली. "आज नको."

महरुखने तिच्याकडे असं पाहिलं की ते पुढे अनेक वर्षं अक्रमला भांडी घासताना आठवत राहिलं. "तू सून आहेस. तुला जमतं," ती म्हणाली.

कियूमर्सने फोन कानाला लावला. "नको थांबू, बहादुर. मयताला ताटकळवू नये."

*

त्यानंतर कियूमर्सइतका हौशी प्रवासी रस्त्यावर दुसरा नसेल. मयताच्या तिसऱ्या दिवसाची गर्दी ओसरल्यावर आईला घरी न्यायचं, म्हणजे मधले दिवस कुठेतरी घालवायला हवेत. आईचा मोबाइल त्याने खिशात टाकला, "चार्जिंग बिघडलंय" म्हणून. दिसेल त्या जुन्या भिंतीसमोर गाडी थांबवायचा. पाट्या मोठ्याने वाचायचा.

"मादर, हे शीतगृह बघ, मातीचं! उन्हाळाभर बर्फ राहायचा!"

"काल येताना बघितलं की रे हेच."

"ते वेगळं होतं!"

आठव्या दिवशी सकाळी याझ्दच्या गल्लीत त्याने सगळ्यांना फोटोवाल्याकडे ढकललं. जुन्या काळचा पोशाख घालून फोटो काढायचा. फख्री खानुम आधी नको नको म्हणाली, मग राणीचा झगा तिला अंगाला होईना, तेव्हा फोटोवाल्याने तिला उंच काळी टोपी घातली, कमरेला तलवार लटकवली आणि वरच्या ओठावर मिशी चिकटवली.

आरसा बघितला आणि ती जी हसत सुटली ती थांबेचना.

"खानुम, शहा हसत नसतो!" फोटोवाला ओरडला.

"मिशी टोचते रे मेल्या! तू लावून बघ!" डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या. "कियू, हा फोटो मोठा कर. इस्फंदियारला देईन. म्हणेन, आता मी आजोबा झाले, आता तरी पाया पड!"

कियूमर्स हसला. त्याचं हसणं एखादी जड वस्तू जिन्यावरून खाली ओढावी तसं आलं. महरुखला धुळीची ॲलर्जी झाली आणि ती बाहेर गेली. अक्रमने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मयताचा चेहरा आता उघडला असेल. ज्याला बघायचंय त्याने आता बघायचं, मग गाल मातीला टेकवतात.

"जरा उजवीकडे, खानुम," फोटोवाला म्हणाला. "हं. असंच."

*

नवव्या दिवशी काशान. अक्रमचं माहेर इथून तासावर. तिचा बाप गुलाबाच्या हंगामात तांब्याच्या हंड्यांपाशी झोपायचा. पोरींच्या केसांना वर्षभर वास यायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली, पण बापाच्या ओळखीचा याकूब अजून बाजारात गुलाबपाणी विकत होता.

सकाळी बहादुरच्या बायकोचा फोन आला होता. सातव्या दिवसाच्या शोक-मजलिसीला गुलाबपाणी लागेल, इथे सगळं भेसळीचं मिळतं, वाटेवर आहात तर आणाल का. अक्रम "हो" म्हणाली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. काशानवरून जाणारा माणूस गुलाबपाणी आणतोच. सासू कियूमर्सबरोबर चहाला बसली होती. दहा मिनिटांचं काम.

"किती देऊ, अक्रम खानुम?" याकूबने विचारलं.

"हलकं वीस लिटर, शिंपडायला. भारी पाच, हलव्याला. आणि गेल्या हंगामाचंच द्या, त्याआधीचं गळ्यात मारू नका, वास उतरलेला असतो. मी हंड्याशेजारी वाढलेय."

"तुमच्या बापाच्या पोरीला कोण फसवेल? मजलिस मोठी दिसतेय. चाळिसावा?"

"सातवा."

"खुदा रहम करो. वयस्क होते?"

"अडुसष्ट."

"हं. जायचं वय नाही."

"वीस पुरणार नाही," मागून आवाज आला.

फख्री खानुम दारात उभी होती. हातात तळहाताएवढी निळ्या काचेची बाटली. बाहेरच्या फळीवरून उचललेली, भावजयीसाठी. तिने ती याकूबसमोरच्या फळीवर ठेवली, अगदी हलकेच, जणू ती आधीच फुटलेली होती.

"तीन मोहल्ल्यांतली माणसं येतील त्याला. मासळी बाजारातली वेगळी. तीस घाला," ती याकूबला म्हणाली.

याकूबने दोघींकडे पाहिलं, कॅन खाली ठेवला आणि आतल्या बाजूला काही शोधायला निघून गेला.

चाळीस मयतांचे हलवे ढवळलेली बाई होती ती. वीस लिटर हलकं आणि पाच लिटर भारी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अडुसष्टचं तिच्या नात्यात एकच माणूस होतं.

"कधी?"

"परवा पहाटे." अक्रम कॅनकडे बघत म्हणाली. "नमाजाआधी हातपाय धुताना. त्रास नाही झाला म्हणतात."

"म्हणतातच. माती?"

"काल. अकराला."

फख्री खानुमने भिंतीवरच्या बाटल्यांकडे बघत हिशेब केला. तो चटकन झाला.

"काल अकराला मला मिशी होती," ती म्हणाली.

अक्रम रडू लागली. आवाज न करता रडायची तिला सवय होती, आज ती जमली नाही. "मीच म्हणाले नको. महरुख म्हणत होती आत्ता निघू. निघालो असतो तर तोंड दिसलं असतं तुम्हाला. बहादुर थांबायला तयार होता. मी म्हणाले नको."

"माहीत आहे. कियूला एकट्याने मोजेसुद्धा निवडता येत नाहीत." तिने बाटलीचं बूच घट्ट बसवलं. ते घट्टच होतं. "तुला माफ केलं असं समजू नकोस. ते नंतर बघू. आत्ता त्या दोघांना काही बोलायचं नाही."

"म्हणजे?"

"मला कळलंय हे बोलायचं नाही. मुसाफिराला वाटेत बातमी देत नाहीत ना? मग मला दिलेली नाही. रश्त येईपर्यंत तो आहे." तिचा हात फळीची कड धरून होता. "नऊ वर्षं तो मेला असं धरून वागले, अक्रम. एक दिवस आहे असं धरू दे."

मग तिने आतल्या बाजूला हाक दिली, "याकूब आगा! भारी पाच नको, आठ द्या. हलवा मी करणारेय. आणि ही छोटी वेगळी बांधा."

*

संध्याकाळी फीनची बाग. कियूमर्स पुढे. "मादर, कारंजी बघ! पंप नाही काही नाही, शेकडो वर्षं अशीच उडतायत!"

"वा," फख्री खानुम म्हणाली. ती सुनेच्या दंडाला धरून चालत होती; कुणाला वाटलं असतं, म्हातारी दमलीय. अक्रमला मात्र दंडावर प्रत्येक बोट वेगळं जाणवत होतं. "इस्फंदियारला आवडेल हे. पुढच्या वर्षी त्याला घेऊन येऊ. काय, कियू?"

कियूमर्सने पाटी वाचायचं सोडलं. "येऊ की."

"मागच्या सीटवर बसवू. ओरडेल, पण बसवू. तूच त्याला सांग हं. माझं ऐकायचा नाही."

"सांगतो, मादर."

"वचन दे."

"मादर, हे बघ, इथे माशांचं..."

"वचन दे की रे. एवढं काय मागतेय?"

अक्रमने तिच्या हाताला हलकेच मागे ओढलं. ही शिक्षा होती, आणि ती देताना म्हातारीचा आवाज गोड, स्थिर होता; तेच ऐकवत नव्हतं. कियूमर्स पन्नाशीचा टक्कल पडलेला माणूस, शाळेत पाठांतर विसरलेल्या पोरासारखा उभा होता. "वचन," तो म्हणाला.

महरुख वळली आणि सुरूच्या झाडांमागे भराभर चालत गेली.

फख्री खानुमने सुनेचा दंड सोडला. मुलीच्या मागे गेली. अक्रम थोडं अंतर ठेवून. महरुख पाण्याच्या पाटाच्या दगडी काठावर बसली होती, तोंड गुडघ्यांत.

"काय गं?"

"काही नाही. फुलांची ॲलर्जी."

"हो. फुलं फार आहेत इथे," फख्री म्हणाली. बागेत सुरूशिवाय काही नव्हतं. ती मोठ्या कष्टाने मुलीच्या शेजारी टेकली आणि अंगावरच्या चादरीच्या टोकाने तिचं नाक पुसलं, पाच वर्षांच्या पोरीचं पुसावं तसं. "तू जायचीस महिन्यातून एकदा. काय बोलत बसायचात?"



"तुझ्या भाताबद्दल," महरुख म्हणाली.

"अजून तेच?"

"तसं नाही. म्हणाला, त्या दिवशी भात कच्चा नव्हताच. त्याच्या दाढेत कळ आली. एक दाणा नेमका तिथे गेला, त्याला वाटलं खडा. बोलून गेला. घरी जाऊन आरशात बघितलं तर दाढ पोखरलेली. पुढच्या आठवड्यात काढली."

"मग येऊन सांगायला काय झालं होतं?"

"मीही तेच म्हणाले. तर म्हणतो, जाऊन काय सांगू? दाढ दुखत होती म्हणून? तीनशे माणसांसमोर बोललो आणि आता दाढ?"

"गाढव," फख्री खानुम म्हणाली.

ती वाकली. दोन्ही हात पाटाच्या गार पाण्यात घातले आणि तोंडावर पाणी मारलं. एकदा, मग पुन्हा, मग कितीतरी वेळा, हनुवटीवरून गळ्यात, कॉलर भिजेपर्यंत. आजूबाजूचे प्रवासी बघू लागले. कियूमर्स लांबून म्हणाला, "मादर, सर्दी होईल!" तरी ती मारत राहिली. पाणी होतं तोवर चेहऱ्यावर दुसरं काही कुणाला दिसणार नव्हतं.

*

दहाव्या दिवशी दुपारी, रूदबारच्या ऑलिव्हच्या दुकानांसमोर कियूमर्सने गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. रश्त तासावर.

"मादर, एक सांगायचंय. दायी... दायी जरा आजारी आहेत."

रीतच आहे ती. आधी आजारी, मग दवाखान्यात, मग तब्येत गंभीर, मग माणूस आपणच समजतो.

"काय झालंय?"

"छातीत दुखलं. म्हणजे दवाखान्यात नेलंय."

"कुठल्या?"

त्याने दवाखान्याचं नाव ठरवून ठेवलं नव्हतं.

"कियू," फख्री खानुम म्हणाली, "तीन दिवस चांगली गाडी चालवलीस बाळा. आता थोडी राहिलीय, चालव."

त्याने आरशात आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला, तो तसाच वाजत राहिला. शेवटी महरुखने त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि आपल्या खांद्यावर घेतलं. चार दिवस ती दोघं एकमेकांशी नीट बोलली नव्हती.

मागच्या सीटवर सासूने चादरीखालून अक्रमचा हात शोधला आणि धरला. प्रेमाने म्हणावा असा तो स्पर्श नव्हता. उतारावर कठडा धरतात तसा होता.

इस्फंदियारच्या गल्लीच्या तोंडाशी काळं कापड होतं. भिंतीवर त्याचा फोटो, कवळी लावलेला, थोडं आश्चर्य वाटल्यासारखा. मयताच्या घराचं दार सात दिवस लावत नाहीत. दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या, आत बुटांचा ढीग, चहाचे ट्रे, कुराणाचा आवाज. कोणीही यावं. भांडलेल्याने, न भांडलेल्याने.

फख्री खानुम उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

बहादुर धावत आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "अम्मे! या ना, आत या. दार उघडंच आहे."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

ती हलली नाही. तिच्या मागून दोन बायका आल्या, कडेने वाट काढून आत गेल्या. आतलं कुणीतरी "फख्री खानुम आल्या" म्हणालं आणि एकेक करून सगळ्या माना वळल्या. बहादुरने पुन्हा हात पुढे केला. अक्रमनेही मागून पाठीला हात लावला.

"मी दार वाजवायला आले होते रे," फख्री खानुम म्हणाली.



या नवरोजच्या पहिल्या दिवशी, दुपारी चार वाजता, इस्फंदियारने फख्री खानुमच्या दाराची घंटा तीन वेळा वाजवली होती.